राज्य गेल्यावर: हिजरतीचा धर्मविचार आणि मागे राहिलेली माणसे



११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. आपल्या पुस्तकांत ही लढाई दोन ओळींत आटोपते आणि आपण असईच्या लढाईकडे वळतो. पाच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात जाऊन शाह आलमला भेटला. १७८८ साली गुलाम कादिरने ज्याचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांनी ज्याला पुन्हा तख्तावर बसवले, तो हा बादशहा. शिंद्यांच्या संरक्षणातून तो आता ईस्ट इंडिया कंपनीच्या संरक्षणात आला. त्याच शहरातल्या रहीमिया मदरशाचे प्रमुख शाह अब्दुल अझीझ यांच्यापुढे मात्र यातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने आता हा देश कोणता? आपला माणूस इथे राहू शकतो का, की त्याने निघून गेले पाहिजे?

आज मी या प्रश्नाविषयी बोलणार आहे. मुस्लीम सत्ता गेली, साम्राज्य बुडाले आणि परधर्मीयांचे राज्य आले, अशा वेळी मागे राहिलेल्या मुसलमानांनी काय करावे, याचा धर्मपंडितांनी केलेला विचार. हा विषय मी मुद्दाम निवडला. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी असे गृहीत धरले जाते की इस्लामचे याबाबत एकच ठरीव उत्तर आहे आणि जे राहिले ते नाइलाजाने राहिले. इतिहास तसे सांगत नाही. जाणे हे जसे धर्माच्या आधाराने दिलेले उत्तर होते, तसेच राहणे हेही होते. राहण्याच्या बाजूने उभे राहिलेले पंडित विद्वत्तेत कुठेही कमी नव्हते. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण ते पुराव्यानिशी सांगायचे आहे.

शास्त्रातील दोन धागे

मुळापासून सुरुवात करू. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले. ही हिजरत. इस्लामी कालगणना पैगंबरांच्या जन्मापासून सुरू होत नाही, ती या स्थलांतरापासून सुरू होते. यावरून त्या घटनेचे मोल लक्षात यावे. पण तिच्याही आधी, ६१५ च्या सुमारास, मक्केत छळ होऊ लागला तेव्हा काही अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले होते. तिथला राजा ख्रिस्ती होता. त्याने त्यांना आसरा दिला आणि त्यांपैकी बरेच जण मदिनेत मुस्लीम सत्ता उभी राहिल्यावरही कित्येक वर्षे तिथेच राहिले. म्हणजे परधर्मी पण न्यायी राजाच्या छत्राखाली राहण्याचा दाखला इस्लामच्या पहिल्या पिढीतच आहे.

कुराणाच्या चौथ्या अध्यायात, ज्यांना धर्म पाळता येत नव्हता आणि जाणे शक्य असूनही जे गेले नाहीत, त्यांना कठोर जाब विचारला आहे. त्याला लागूनच, ज्यांच्याजवळ साधन नाही आणि ज्यांना वाट सापडत नाही, अशा दुबळ्या पुरुषांना, स्त्रियांना आणि मुलांना सूट दिली आहे. मक्का जिंकल्यानंतर आता हिजरत उरली नाही, असे सांगणारी हदीसही प्रसिद्ध आहे. पुढे हजार वर्षे पंडितांचे वाद याच वचनांवर झाले. कोणी जाब उचलून धरला, कोणी सूट उचलून धरली.

अबू हनीफांचे मत इथे फार महत्त्वाचे आहे, कारण भारतातले बहुसंख्य मुसलमान त्यांच्याच परंपरेतले. एखादा मुस्लीम सत्तेखालचा प्रदेश दार-उल-हरब, म्हणजे शत्रुभूमी, केव्हा होतो? त्यांनी तीन अटी घातल्या. तिथे गैरमुस्लीम कायदा चालू झाला पाहिजे, तो प्रदेश शत्रुभूमीला लागून असला पाहिजे आणि पूर्वीच्या अभयावर तिथे कोणीही मुसलमान किंवा जिम्मी, म्हणजे मुस्लीम सत्तेच्या संरक्षणातला गैरमुस्लीम, सुरक्षित राहिलेला नसला पाहिजे. तिन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय देश बदलत नाही. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद अल-शैबानी यांनी मात्र पहिली अट पुरेशी मानली. गुरू सुरक्षिततेकडे पाहत होते, शिष्य कायद्याकडे. शाफई परंपरेतले अकराव्या शतकातील अल-मावर्दी तर इतके म्हणाले की, जिथे माणसाला आपला धर्म उघडपणे पाळता येतो तिथून जाण्यापेक्षा तिथे राहणे अधिक चांगले, कारण त्याच्या राहण्यानेच ती भूमी इस्लामची ठरते.

कठोर बाजू

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १४९१ साली, म्हणजे स्पेनमधले शेवटचे मुस्लीम राज्य ग्रॅनडा पडण्याच्या आदल्या वर्षी, मोरोक्कोतील फेझ शहराचे पंडित अल-वनशरीसी यांच्यापुढे एक प्रश्न आला. स्पेनमधून काही मुसलमान आपली शेतीवाडी सोडून उत्तर आफ्रिकेत आले होते. इथे त्यांना काम मिळेना, उपासमार होऊ लागली. ते उघड म्हणू लागले की आलो ही चूक झाली, कॅस्टिलच्या राजाकडे परत गेलेले बरे. अल-वनशरीसींनी त्यांना अत्यंत कडक शब्दांत दोषी ठरवले. पोट भरत नाही हे त्यांच्या लेखी परतीचे कारण होऊ शकत नव्हते.

दुसरा प्रश्न स्पेनमधल्या मार्बेल्यातल्या एका माणसाविषयीचा आहे आणि तो वाचताना मन अस्वस्थ होते. हा माणूस मागे राहिलेल्या दुबळ्या मुसलमानांसाठी ख्रिस्ती अधिकाऱ्यांकडे रदबदली करत असे. तो गेला तर त्यांचा वाली कोण? एवढ्यासाठी त्याने राहावे का? उत्तर आले की त्यानेही राहू नये.

अल-वनशरीसींना निव्वळ निष्ठुर म्हणून मोकळे होता येत नाही. ग्रॅनडाच्या तहात धर्म पाळण्याची हमी होती. दहा वर्षांच्या आत ती मोडली आणि १५०२ मध्ये कॅस्टिलमधल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा असा हुकूम निघाला. त्यांची भीती खरी ठरली होती. पण ज्यांना जाता आले नाही त्यांचे काय? १५०४ मध्ये ओरानशी नाव जोडलेल्या एका मुफ्तीने त्यांना पत्र लिहिले. नमाज खुणेने पढा, मनात श्रद्धा ठेवा, जे बळजबरीने करायला लावतील ते मनातून नाकारा, अल्लाह तुमचा हेतू पाहतो, असा त्या पत्राचा आशय आहे. एक पंडित फेझमध्ये सुरक्षित बसून आदेश देत होता आणि दुसरा, स्पेनमध्ये अडकलेल्या माणसाला आज सकाळी काय करता येईल, याचा विचार करत होता. मला दुसरा अधिक मोठा धर्मज्ञ वाटतो. पुढे १६०९ ते १६१४ या काळात मागे राहिलेल्या या समाजातल्या सुमारे तीन लाख लोकांना राजाज्ञेने स्पेनबाहेर काढले गेले.

दिल्ली, फरीदपूर, मक्का, देवबंद

आता पुन्हा दिल्लीला येऊ. शाह अब्दुल अझीझ यांचा फतवा १८०३ शी जोडला जातो. त्याचा आशय असा की, या शहरात मुसलमानांच्या प्रमुखाचा हुकूम चालत नाही, ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम बेधडक चालतो. ते जुमा (शुक्रवारची सामुदायिक नमाज), ईद आणि अजान यांना आडकाठी करत नाहीत, पण या आचारांची किंमत त्यांना नाही. त्यांच्या परवान्याशिवाय मुसलमान किंवा जिम्मी कोणीही शहरात पाय ठेवू शकत नाही. म्हणून हा देश दार-उल-हरब.

मराठी श्रोत्याने इथे थोडे थांबावे. याच अब्दुल अझीझ यांचे वडील शाह वलीउल्लाह यांनी मराठ्यांविरुद्ध अहमदशाह अब्दालीला बोलावणारी पत्रे लिहिली होती. मराठ्यांविषयी या घराण्याला प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरीही मराठ्यांच्या दिल्लीवरील अंमलाने नव्हे, तर इंग्रजी अंमलाने अब्दुल अझीझ यांचा निर्णय पक्का केला. माझ्या मते याचे कारण १७८४ च्या व्यवस्थेत आहे. महादजींनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद बादशहाकडून मिळवले आणि कारभार बादशहाच्या नावाने चालू ठेवला. सत्तेचा सांगाडा जुनाच राहिला. कंपनीने बादशहाला पेन्शन दिली आणि सांगाडाच बदलला. पंडिताच्या नजरेने हा फरक अचूक टिपला.

पण या फतव्याचा परिणाम काय झाला? शाह अब्दुल अझीझ स्वतः दिल्ली सोडून गेले नाहीत. १८२४ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. कंपनीची नोकरी आणि इंग्रजी शिक्षण यांना त्यांनी अटींसह मुभा दिली. त्यांचे पुतणे शाह इस्माईल हे सशस्त्र लढा उभारणाऱ्या सय्यद अहमद बरेलवींबरोबर सरहद्दीवर गेले आणि १८३१ मध्ये बालाकोटला शिखांशी लढताना मारले गेले. अब्दुल अझीझ यांचे नातू शाह मुहम्मद इसहाक १८४१ च्या सुमारास मक्केला निघून गेले. एकाच फतव्यातून एकाच घरात राहणे, लढणे आणि जाणे असे तिन्ही मार्ग निघाले.

बंगालात चौथाच मार्ग निघाला. फरीदपूर भागातील हाजी शरीयतुल्लाह यांच्या फराइझी अनुयायांनी मुस्लीम राज्यकर्ता नाही म्हणून जुम्याची आणि ईदची सामुदायिक नमाज थांबवली, पण गाव सोडले नाही. त्यांचे पुत्र दुदू मियाँ यांनी जमीन ईश्वराची आहे असे सांगत कुळांना जमीनदार आणि निळीचे मळेवाले यांच्याविरुद्ध उभे केले. भातशेतीवर जगणाऱ्या कुळाला सगळा देश शत्रुभूमी आहे असे सांगता येते, पण त्याने शेत टाकून कुठे जावे?

मग १८५७ आले. थानाभवनचे हाजी इमदादुल्लाह १८५९ मध्ये मक्केला गेले आणि चाळीस वर्षांनी तिथेच वारले. आग्र्यात १८५४ साली पाद्री फांडरशी जाहीर वाद करणारे रहमतुल्लाह कैरानवी हेही मक्केला गेले. त्यांनी तिथे मदरसा काढला आणि त्याला कलकत्त्याच्या सौलत-उन-निसा या दानशूर बाईंचे नाव दिले. पण इमदादुल्लाहांचे शिष्य मुहम्मद कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही मागेच राहिले, आणि १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा उभा राहिला. राजाश्रय गेला होता, जहागिरी गेल्या होत्या. या लोकांनी सर्वसामान्यांच्या वर्गणीवर शाळा चालवायची ठरवली. गुरूची हिजरत आणि शिष्यांचे राहणे यांत दोघांनाही विरोध दिसला नाही. पत्रव्यवहार चालू राहिला, हजच्या वाटेवर भेटी होत राहिल्या. राज्य नसतानाही धर्म जगू शकतो, हे देवबंदने करून दाखवले.

सत्तेला हवे असलेले उत्तर

१८७० च्या सुमारास हाच प्रश्न इंग्रजांनाही पडला. मुसलमानांना धर्माने आमच्याविरुद्ध बंड करणे भाग आहे का? सरकारी अधिकारी हंटरचे १८७१ चे पुस्तक याच चौकशीतून आले. कलकत्त्यात करामत अली जौनपुरी यांनी हिंदुस्थान दार-उल-इस्लामच, म्हणजे इस्लामची भूमीच, आहे असे प्रतिपादन केले. मक्केच्या मुफ्तींकडूनही, जोवर इस्लामचे काही आचार चालू आहेत तोवर हा देश दार-उल-इस्लाम आहे, अशा अर्थाचे निर्णय आणले गेले. ही उत्तरे सरकारच्या सोयीची होती, यात शंका नाही. पण सोयीचे असलेले मत खोटेच असते असे नाही. करामत अलींनी फराइझींशी जुम्याच्या नमाजीवरून वाद घातला होता तो हंटरच्या कितीतरी आधी, आणि त्यांच्या हाताशी अबू हनीफांच्या तीन अटी होत्या. पुढे इंग्रजांची मर्जी ज्यांना कधी नको होती, त्या अहमद रझा खान बरेलवींनीही हिंदुस्थान दार-उल-इस्लाम असल्याचाच निर्णय दिला.

युरोपातही हेच चालू होते. १८७८ मध्ये बोस्निया तुर्कांच्या हातून ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेला आणि कुटुंबेच्या कुटुंबे इस्तंबूलच्या दिशेने निघाली. तुझ्लाचे मुफ्ती मेहमेद तेउफिक अझापागिच यांनी हिजरतीवर एक पुस्तिका लिहिली आणि इथे धर्म पाळता येतो, म्हणून जाणे बंधनकारक नाही, असे सांगितले. १९०९ मध्ये कैरोच्या 'अल-मनार'मध्ये रशीद रिझांनीही तसाच कौल दिला. मोस्तारचे सर्ब कवी अलेक्सा शांतिच यांनी १८९६ मध्ये या मुस्लीम शेजाऱ्यांना जाऊ नका म्हणून विनवणारी कविता लिहिली. मुफ्तींच्या निवाड्याइतकाच मला तो शेजाऱ्याचा शब्द महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण शेवटी सांगतो.

१९२० चा उन्हाळा

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले. मे १९२० मध्ये तहाच्या अटी जाहीर झाल्या आणि तुर्की सुलतानाच्या खिलाफतीवर घाव बसला. त्याआधीच काबूलचा अमीर अमानुल्लाह याने मुहाजिरांचे, म्हणजे हिजरत करून येणाऱ्यांचे, स्वागत करू असे म्हटले होते. मौलाना आझादांनी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या फतव्यात, शक्य असेल त्याने हिंदुस्थान सोडावा, असे सांगितले. लखनौच्या फिरंगी महलच्या अब्दुल बारींनी सक्ती नाही, मुभा आहे, अशी जपून भूमिका घेतली. अशरफ अली थानवी आणि अहमद रझा खान यांनी विरोध केला. ज्या खिलाफत कमिटीचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत होते, ती या लाटेला आवर घालू शकली नाही.

सिंध, पंजाब आणि सरहद्द प्रांतातून माणसे निघाली. लारकान्याचे बॅरिस्टर जान मुहम्मद जुनेजो यांनी शेकडो लोकांची खास गाडी पेशावरला नेली. जमिनी आणि गुरे मिळेल त्या भावाने विकली गेली. पेशावरजवळ कच्चागढी स्टेशनात गोऱ्या शिपायांच्या हातून एक मुहाजिर मारला गेला आणि ओघ आणखी वाढला. किती गेले याचे अंदाज १८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत आहेत. अफगाणिस्तान गरीब देश. एवढ्या माणसांना अन्न, जमीन आणि काम देणे त्याला शक्यच नव्हते. ऑगस्टमध्ये अमीराने नवे जथे थांबवले. खैबरच्या वाटेवर उन्हाने, तहानेने आणि आजाराने माणसे मेली. बहुतेक जण परत आले, तेव्हा त्यांची घरे दुसऱ्यांची झाली होती.

या शोकांतिकेतून काही अनपेक्षित वाटाही फुटल्या. काही तरुण पुढे ताश्कंदला पोचले, मानवेंद्रनाथ रॉयांच्या साम्यवादी गटात गेले आणि परतल्यावर पेशावर कटाच्या खटल्यांत अडकले. उत्मानझईचे एक जमीनदारपुत्र काबूलला जाऊन परत आले आणि १९२१ मध्ये त्यांनी गावात आझाद शाळा काढली. ते अब्दुल गफार खान. परतणे म्हणजे पराभव असे त्यांनी मानले नाही. सोडून जायचे नसेल तर इथेच माणूस घडवला पाहिजे, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याने सांगितले.

फतवा देणाऱ्याने एक हिशेब मांडायला हवा होता. काबूलमध्ये धान्य किती आहे? वाटेत पाणी कुठे आहे? म्हातारी माणसे खैबर कशी चढतील? शास्त्रातच दुबळ्यांसाठीची ती सूट होती. जायला सांगणाऱ्यांपैकी तिच्याकडे पाहायला कुणी थांबले नाही आणि तिची किंमत गरिबांनी मोजली.

आझादांचा प्रवास

आझादांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. त्यांचे वडील १८५७ च्या धामधुमीत हिंदुस्थान सोडून गेलेल्यांपैकी होते आणि पुढे कुटुंब कलकत्त्याला परतले. हिजरत त्यांच्या घरातच होती. १९२० मध्ये त्यांनी जायला सांगितले. ऑक्टोबर १९४७ मध्ये तेच आझाद दिल्लीच्या जामा मशिदीत, भेदरलेल्या आणि सामान बांधून बसलेल्या मुसलमानांपुढे उभे राहिले. या पळण्याला तुम्ही हिजरतीचे पवित्र नाव देत आहात, ते पुन्हा तपासून पाहा, असे त्यांनी बजावले. ही मशीद, हे मिनार आणि हा इतिहास तुमचा आहे, तो टाकून कुठे निघालात, असा त्यांचा रोख होता. आयुष्याची अनेक वर्षे मदिनेत काढलेले देवबंदचे हुसेन अहमद मदनी हेही लोकांना थांबवत होते. दोघांनाही मक्का-मदिना परकी नव्हती. म्हणूनच राहा हा त्यांचा शब्द मला वजनदार वाटतो.

आपल्या दारातलेही उदाहरण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. रझाकारांनी हिंदू जनतेवर केलेले अत्याचार मराठवाड्याला तोंडपाठ आहेत आणि ते विसरू नयेत. पण पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत सुडाचा तडाखा ज्यांचा राज्याशी काही संबंध नव्हता अशा साध्या मुस्लीम कुटुंबांनाही बसला. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. काही घरे कराचीला गेली. बहुतेक राहिली, याच मातीत शेती आणि कारागिरी करत.

कसोटीचा अर्धा भाग

मी अबू हनीफांच्या तिसऱ्या अटीकडे परत येतो. देश कोणाचा, हे ठरवताना त्यांनी सिंहासनाबरोबर अभय मोजले: माणूस इथे निर्धास्त आहे का? अल-मावर्दींनी तेच वेगळ्या रीतीने विचारले: तो आपला धर्म उघडपणे पाळू शकतो का? राहण्याच्या बाजूचा सगळा धर्मविचार या दोन प्रश्नांवर उभा आहे. या प्रश्नांची उत्तरे फतव्यात लिहून संपत नाहीत. ती न्यायालयात, पोलीस ठाण्यात, शाळेत, भाड्याने घर देताना आणि बाजारात रोज दिली जातात. ती देणारे त्या माणसाचे शेजारी असतात.

जे राहिले त्यांना, तुम्ही का राहिलात, असा संशयाने विचारलेला प्रश्न आजही ऐकू येतो. शास्त्राचे उत्तर त्यांच्या पंडितांनी केव्हाच देऊन ठेवले आहे: इथे अभय आहे, इथे धर्म पाळता येतो, म्हणून हा देश आमचा. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले, तेव्हा भारताने त्या उत्तराला प्रतिसाद दिला. त्यांनी आपला अर्धा भाग राहून पुरा केला. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ते अभय खरे ठरवणे, ही तुमची-माझी जबाबदारी आहे. ती ओझे मानून किंवा उपकार म्हणून न घेता नागरिकाचे साधे कर्तव्य म्हणून आपण घ्यावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.